बाबांचे पुढचे दोन दात

बाबांचे वरचे पुढचे दोन दात गेल्या वर्षी तुटायला लागले. आधी एकाचा टवका उडाला. डॉक्टरीणबाईंनी सिमेंट भरलं, ते महिन्याभरात निघालं. मग दुसऱ्याचाही कोपरा गेला. वर्सोव्याच्या आमच्या कोळीवाड्यात बाबा मोकळं हसणारे म्हणून ओळखले जायचे. ते आता तोंडावर हात धरून बोलायला लागले. मला बघवेना. मी साकीनाक्याला ऑफिसात काम करते आणि कुठलंही काम रेंगाळलं की माझं डोकं फिरतं. सरळ कॅप बसवून टाका, असं मी दवाखान्यात सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान, पण ऐकतील तर शपथ. बाकीचे सगळे दात ठणठणीत असताना हे दोनच का तुटतात, ते आधी कळू दे, नाहीतर कॅपचीही तीच गत होईल, असं त्यांचं म्हणणं. सुपारी? नाही. मिश्री? कधीच नाही. झोपेत दात खाणं? आई म्हणाली, घोरतात फक्त. मग आठ दिवस लक्ष ठेवा, असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. रिक्षात मी घरापर्यंत धुसफुसत होते.

मी बाबांच्या ताटावर पहारा बसवला. भाकरी, कालवण, चहा. त्यात काही सापडेना. आठव्या दिवशी रविवार होता, म्हणून चहा घेऊन मीच किनाऱ्यावर गेले. बाबा फाटलेलं जाळं पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी गाठ मारली, नायलॉनच्या दोऱ्याचं टोक त्या दोन दातांत धरलं आणि मान मागे झटकून गाठ आवळली. मग दातांनीच दोरा तोडला. पुन्हा गाठ, पुन्हा झटका. दोरा दातांनी तोडताना मी त्यांना लहानपणापासून बघत आले होते, त्यामुळे ते कधी डोळ्यात भरलंच नाही. पण गाठ ते पूर्वी हातानं आवळायचे. आता डावा हात मांडीवर नुसता पडून होता.

मी भांडायच्याच तयारीनं समोर बसले आणि गाठ दातांनी का आवळता, असं विचारलं. बाबांनी उजव्या हातानं डावा हात उचलून जाळ्यावर ठेवला.

"बोटं आयकत नाय गो," ते म्हणाले. "कोनाला सांगू नको. जाल्यावरून उठवतील मना."

मला रडू आलं. कॅपची घाई करणाऱ्या मला त्यांचा हात कधी दिसलाच नव्हता, याची लाजही वाटली.

मी अर्थातच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला हाताच्या डॉक्टरकडे पाठवलं. मनगटात शीर दबली होती. पट्टा आला, व्यायाम आले, आणि हळूहळू बोटांत जीव यायला लागला. जाळं सोडा, असं कुणीही म्हटलं नाही. दोरा तोडायला आईनं बाबांच्या गळ्यात छोटी कात्री अडकवली. मगच कॅप बसल्या.

बोटं पुरती सुधारेपर्यंत रविवारी मी त्यांच्यासमोर बसते. ते गाठ मारतात, टोक माझ्या हातात देतात, मी ओढते. पहिल्याच रविवारी मी आवळलेली गाठ सुटली. बाबांनी तो दोरा कात्रीनं कापून टाकला, नवा घेतला, आणि तोंडावर हात न धरता खूप वेळ मला हसले.