कुणाच्या कानात?

शहापूरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचं दार वाजवून नुसतं "मी" म्हटलं, तर खात्री सर ते उघडत नसत. "मी तर मी पण हाय. तू कोण?" असा आतून आवाज येई. नाव-गाव सांगितल्यावरच कडी निघायची. दाराला चांगली फट होती, बाहेर कोण आहे ते त्यांना दिसायचं. तरी विचारायचे. त्यांचं खरं नाव वेगळं. "खात्री केली का?" हे दिवसभर तोंडात, म्हणून आम्ही ते नाव पाडलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

सर मुरबाडहून एसटीने येत. मी शेणव्याची, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. वर्गात प्रश्न विचारायला मला भीती वाटायची. सरांनी ते ओळखलं असावं, कारण शिकवताना ते अर्ध्यावर थांबून माझ्याकडे बघत.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट मी क्लासवर सरांच्या मार्गदर्शनाखाली करत होते, म्हणजे कॉलेजच्या सर्व्हरवरून गुण आणून दाखवणारा प्रोग्राम. जोडणी एक लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, करायची, पण तिला नीट सांगावं लागे: सर्व्हर ओळख म्हणून दाखवतो ते प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं असेल तर मानायचं, त्यावरचं नाव सर्व्हरच्या नावाशी जुळतं का ते बघायचं, आणि मगच आपला पासवर्ड द्यायचा. मला वाटायचं, वाटेत मजकूर कुणाला वाचता येत नाही, एवढं पुरे. सर म्हणाले, "कानात सांगितलंस, ठीक. पण कुणाच्या कानात गो?"

परीक्षेच्या सकाळी क्लासवर लाइट जाऊन आली आणि जोडणी होईना. प्रमाणपत्र पटत नाही, एवढंच पडद्यावर येई. दुपारी कॉलेजात बाहेरचे परीक्षक येणार होते. मार्गदर्शक म्हणून सरांची सही नसती तर प्रोजेक्ट धरला नसता आणि माझं वर्ष गेलं असतं. शेजारच्या कॉम्प्युटरवरचा सुनील म्हणाला, "तपासणीच बंद कर ना, एका ओळीचं काम." त्यानेच ती ओळ टाकली. गुण झरकन आले.

सरांनी येऊन पाहिलं. "हे चाललं नाय, सुटलंय. मी सही करणार नाय."

"सर, सर्व्हर आपलाच हाय की!"

"आपलाच हाय हे तुला कोणी सांगितलं? त्या सर्व्हरनंच ना?"

माझे डोळे भरून आले. सरांनी खुर्ची ओढली, ती ओळ काढली आणि आम्ही एकेक गोष्ट पुन्हा वाचत गेलो. सगळं बरोबर होतं. मग माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. त्या साली मी पाटी घेऊन शाळेत जात होते! मशीनच्या आतली बॅटरी संपली होती, त्यामुळे लाइट जाताच घड्याळ मागे गेलं होतं.

सर खुर्चीत मागे रेलून हसले. "ह्या घड्याळाच्या हिशेबानं त्या प्रमाणपत्राचा अजून जन्मच नाय झाला!"

तारीख बदलली, जोडणी झाली, सही मिळाली.

परीक्षा संपल्यावर मी स्टँडवर धावले. सर मुरबाडच्या गाडीत खिडकीशी बसले होते.

"परीक्षकांनी काय विचारलं?"

"तपासणी बंद केली तर चालेल का, असं."

"मंग?"

"मी नाय म्हणाले." कॉलेजात मी जपून 'नाही' म्हणायचे, पण परीक्षकांसमोर 'नाय'च निघालं होतं.

"का ते विचारलं?"

"विचारलं. सगळं सांगितलं."

त्या उन्हाळ्यात क्लास बंद झाला आणि सर मला पुन्हा भेटले नाहीत. त्या दिवशी गाडी सुटल्यावर त्यांनी हात खिडकीबाहेर काढला आणि हलवत राहिले, कंडक्टर ओरडला तरी.