थोडं हळू
परवा घरी आंब्याची पेटी उघडली आणि पेंढ्याच्या वासाबरोबर पावस गावातली ती शेड नाकात शिरली. आमच्या रॉक बँडचा दुसरा अल्बम आम्ही तिथेच, आंबे भरायच्या शेडमध्ये रेकॉर्ड करत होतो. पहिल्याला सगळे गोंगाट म्हणाले, म्हणून मी, म्हणजे गायक आणि बँडमधला स्वतःच नेमलेला शहाणा, जाहीर केलं की आता आपण शांत व्हायचं. ड्रम बंद, ड्रमरने आंब्याच्या रिकाम्या पेटीवर हाताने ठेका धरायचा. "मेल्या, उद्या पेंढा पण खायला घालशील मला," तो म्हणाला, पण बसला. त्याला दुबईची नोकरी आली होती. अल्बम जमला तर जात नाही, असं त्याने घरी सांगितलं होतं. पत्रा तापलेला, आवाज नको म्हणून पंखा बंद, त्याच्या तळव्यांत फळीची कुसळं. मी हेडफोन लावून, डोळे मिटून दर गाण्याला म्हणायचो, "थोडं हळू." तो हळू वाजवायचा. "अजून थोडं." शेवटच्या गाण्यात एकदम सगळं इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी ओरडलो, "हां! आता जमलं बघ तुला!" डोळे उघडले तर पेटीवर कोणीच नव्हतं. "तो मघाशीच उठून गेला रे," गिटारवाला म्हणाला. मी मागे धावलोसुद्धा नाही. रेकॉर्डिंगचा टेक चांगला झाला होता ना! तो दुबईला गेला, बँड वर्षभरात मोडला. अल्बम अजून इंटरनेटवर आहे. ऐकणारा बहुधा मी एकटाच, आणि मीसुद्धा शेवटचं गाणं लागायच्या आत बंद करतो.