एकलहऱ्याची राख

ओल्या गोणपाटाचा वास आला की कॉलेजची लॅब आठवते. सरकारी निधीतून सीमेवरच्या बंकरसाठी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली कोळशाची राख मिसळून काँक्रीटचे ठोकळे बनवले होते. त्यांच्यावरचं गोणपाट अठ्ठावीस दिवस मी भिजवायचं होतं. ऐन मे महिन्यात मी चार दिवस लग्नाला सायखेड्याला गेले आणि वहीत मात्र ‘पाणी मारले’ लिहिलं. चाचणीत ठोकळे लवकर फुटले. सर दमून म्हणाले, “ही राख चालणार नाही, असं लिहावं लागेल.” माझे वडील त्याच राखेत राबतात. मी कसंबसं म्हटलं, “सर, राख चांगली आहे. मीच पाणी मारलं नव्हतं.” त्यांनी वही मिटली. “मग परत अठ्ठावीस दिवस, बाई.” नवे ठोकळे टिकले. बंकर झाला का, ते आम्हाला कोणी कळवलं नाही. वडील अजून विचारतात, “पोचली का गं आपली राख?”