वाकड्या शिंगाची म्हैस

अख्ख्या वऱ्हाडात एका म्हशीच्या अब्रूसाठी दोन राज्यांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे माझे थोरले मामा. मामा उंद्रीला राहत. थोडी शेती होती ती वाट्यानं दिलेली. जीव सगळा दंतमंजनात. बाभळीच्या सालीचा कोळसा, लवंग, सैंधव आणि कुणाला न सांगितलेली आणखी दोन-चार चिजा कुटून ते काळंभोर मंजन करत आणि ते लावणारा माणूस म्हातारपणी खारीक फोडून खाईल, अशी हमी देत. माणूस भेटला की मामा आधी त्याच्या तोंडाकडे पाहत, म्हणजे अगदी तोंडात. घरचं कसं काय चाललंय, हा प्रश्न दात पाहून झाल्यावर. गावात कुणाकडे मुलगी पाहायला पाहुणे आले की मामा उसाची मोळी घेऊन हजर, आणि नवरा मुलगा दातानं कांडं कसं सोलतो त्यावरून स्थळाचा निकाल. एका मुलाला कांडं सोलता आलं नाही म्हणून मामांनी त्याला नापास केलं. पुढे तो नायब तहसीलदार झाला, तरी मामांचं मत बदललं नाही. "हुद्दा घेऊन काय करता," ते म्हणत, "भाकर चावता आली पाह्यजे." यातली गंमत अशी की मामांचे स्वतःचेच वरचे पुढचे दात पडलेले होते. कुणी ते दाखवून दिलं तर मामा मुळीच ओशाळत नसत. "हे मंजन निघाच्या आधी पडले. त्यानंतरचा एक तरी हालला काय, ते सांगा."

सुरुवातीला मंजन कागदाच्या पुड्यांतून जाई. त्यावर नाव नाही, चित्र नाही. चित्र आलं ते मामीमुळे. मामांच्या गल्लीत पोळ्याला बायका दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं बैलजोडी काढत. एका वर्षी मामीनं बैलांऐवजी घरची म्हैस काढली. शेजारणी हसू लागल्या तेव्हा मामीनं ठणकावलं, "बैलाईले पुजता, मंग म्हशीनं काय घोडं मारलं? दूध तं तेच देते." मामीला चित्रकला येत होती असं तिच्या माहेरचेही म्हणाले नसते. म्हैस पोटानं भलतीच मोठी झाली, पाय काडीसारखे, तोंड चक्क हसरं, आणि डावं शिंग मध्येच गिरकी घेऊन कानाकडे वळलेलं. खऱ्या म्हशीची दोन्ही शिंगं अगदी नीट होती. त्या पोळ्यानंतरची संक्रांत मामीनं पाहिली नाही. साध्या तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात उरले मामा आणि ती म्हैस. मामांना रडताना कुणी पाहिलं नाही. पुढच्या दिवाळीला भिंतीला चुना लावायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी मजुराच्या हातातली कुंची घेतली आणि स्वतः, जपून, म्हशीच्या कडेकडेनं चुना लावला.

त्याच दिवाळीनंतर मंजन पत्र्याच्या डबीत भरलं जाऊ लागलं आणि डबीवर मामीची म्हैस आली. ठसा करायला खामगावहून जो माणूस बोलावला होता तो भिंतीवरून चित्र उतरवून घेऊन गेला आणि मोठ्या हुशारीनं डावं शिंग सरळ करून ठसा पाठवला. मामांनी तो तसाच परत धाडला. दुसऱ्या खेपेला शिंग थोडंसंच वाकलं, तोही परत. तिसऱ्या खेपेला मामा स्वतः खामगावला गेले आणि त्याच्या खांद्याशी उभे राहून त्यांनी शिंग वाकवून घेतलं. असं का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "ते तसंच हाय." लोकांना वाचता येवो न येवो, म्हैस ओळखता येत होती. चिखली, मेहकर, सुलतानपूरपर्यंतच्या बाजारांत बाया 'हासरी म्हैस' मागू लागल्या. मामांना तर छापाचं वेडच लागलं. छत्री, कंदील, अंथरुणाची सतरंजी, विहिरीचा रहाट, सगळ्यांवर म्हैस उमटली. मी वकिलीची सनद घेऊन बुलढाण्याला कचेरीत उभा राहू लागलो, तेव्हा माझ्या काळ्या कोटाच्या आतल्या बाजूलाही त्यांनी एक छोटी म्हैस उठवून दिली. "तुह्या वकिलीले छाप नाही," म्हणाले, "हरपला तं आनून कोनाच्या घरी देतीन?"

मामा हे माझे पहिले, आणि बरेच दिवस एकुलते एक, पक्षकार. म्हशीची सरकारदरबारी नोंद करायची हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्या काळी रीत अशी की, हे चिन्ह माझं आहे असा जाहीरनामा लिहून तो निबंधकाच्या कचेरीत नोंदवायचा आणि वर्तमानपत्रात सूचना द्यायची. मी मसुदा केला, 'हसऱ्या मुद्रेची म्हैस, डावे शिंग वाकडे.' कचेरीतले साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "म्हैस हसते, हे कसं लिहून घेऊ?" मी काही बोलायच्या आत मामा पुढे सरसावले. "साहेब, तुमी कधी तिच्यासमोर सरकीचं घमेलं ठेवलं काय?" साहेबांनी बहुधा ठेवलं नसावं. म्हैस हसरीच नोंदली गेली.

काम झाल्यावर मी मामांना बजावलं की ही नोंद आपल्या मुलखापुरती. जालन्याकडे निजामाचं राज्य लागतं, तिथे वेगळा अर्ज करावा लागेल. आणि मामांचं निम्मं मंजन तर तिकडेच खपत होतं. मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू माझ्या सनदेवरचा त्यांचा विश्वासच उडाला असावा. वऱ्हाड मुळात निजामाचं, इंग्रजानं ते कायमच्या पट्ट्यानं घेऊन मध्यप्रांताला जोडलं आणि कारभार नागपुराहून चालवला, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी त्यातून स्वतःचा कायदा काढला होता. "इंग्रज भाडेकरू हाय, निजाम घरमालक. भाडेकरूच्या खोलीत बांधलेली म्हैस घरमालकाले दिसली, तं तो इचारंल काय, हे कोनाची म्हनून? त्याच्याच घरातली नं?" या युक्तिवादाला माझ्या पुस्तकांत उत्तर नव्हतं. मी हरप्रकारे समजावलं. शेवटी ते म्हणाले, "तू अजून लहान हाय, बाप्पा," आणि विषय संपला.

मग एके दिवशी पलीकडच्या मुलखातला, जुन्या गिऱ्हाइकांतला एक माणूस उंद्रीला येऊन ओट्यावर बसला आणि त्यानं मामांना चांगलंच फैलावर घेतलं. तुमच्या मंजनानं घरादाराच्या हिरड्या सोलून निघाल्या, आत विटेचा भुगा आहे, सगळा गाव तुमच्या म्हशीला शिव्या घालतोय. डबी कुठे आहे म्हटलं तर ती त्यानं रागाच्या भरात नाल्यात फेकलेली. मामांनी त्याचं तोंड तपासलं, त्याला आपल्याकडची डबी फुकट दिली आणि तो गेल्यावर कितीतरी वेळ भिंतीकडे पाहत बसले. चौकशीअंती कळलं की जालन्याचा एक व्यापारी हसऱ्या म्हशीचं मंजन विकतोय. धंदा बुडाल्याचं मामांना फारसं काही वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तिच्या म्हशीले लोकं शिव्या देऊन राह्यले, भाच्या." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. दुसऱ्याच दिवशी आम्ही जालन्याला निघालो.

सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीच्या चौकीवर, आमच्या डब्यांची पेटी उघडली गेली. मामांनी तिथल्या कारकुनालाही घरमालक-भाडेकरू समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि जकात लावली. जालन्याच्या कचेरीतले साहेब मात्र फार अदबशीर. ते उर्दूत बोलत होते, पण वऱ्हाडी माणसाला तेवढी उर्दू आईच्या दुधाबरोबरच मिळालेली असते. अर्ज पाहून ते म्हणाले, "जनाब, ये भैंस तो यहाँ दर्ज हो चुकी है." त्या व्यापाऱ्यानं आपल्या नावावर रीतसर नोंद करून घेतली होती. मामांनी आपला कायदा मांडला. साहेबांनी चहा मागवला, सगळं ऐकलं, आणि न हसता म्हणाले, "आपकी बात में वज़न है. लेकिन मकान-मालिक का अपना रजिस्टर है."

साहेबांनी त्या व्यापाऱ्यालाही बोलावणं धाडलं. मला वाटलं होतं कुणी बिलंदर इसम येईल, तर आला एक गोरागोमटा, हात जोडूनच चालणारा गृहस्थ. विटेच्या भुग्याचा विषय निघाला तेव्हा तो छताकडे पाहू लागला. बाकी त्याची वागणूक नमुनेदार. तो म्हणाला, "बाबा, तुमच्या मंजनाचं नाव मोठं आहे. तुम्ही दुसरं चित्र घ्या. बैल घ्या, मोर घ्या. मी हरकत घेणार नाही, आज अर्ज द्या." साहेबांनीही मान डोलावली. खरं सांगतो, मला हा तोडगा पसंत होता. निम्मं गिऱ्हाईक हातचं जात नव्हतं आणि लोक चार महिन्यांत मोरही ओळखायला शिकले असते. मी मामांच्या कानाशी लागलो. मामा म्हणाले, "थांब. आधी त्याईची डबी पाहू दे."

व्यापाऱ्यानं खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. मामांनी ती खिडकीपाशी नेली. पोट तेच, काडीचे पाय तेच, हसूही थोडंफार तेच. दोन्ही शिंगं मात्र सरळ, आखून काढल्यासारखी.

"हे डावं शिंग असं काऊन?" मामांनी विचारलं.

"ते वाकडं होतं," व्यापारी म्हणाला, "छापणाऱ्याची चूक असेल असं वाटलं. म्हणून दुरुस्त करून घेतलं."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण मामांचा चेहरा हळूहळू असा उजळला की वरच्या दातांची सगळी मोकळी जागा दिसू लागली. डबी त्यांनी अलगद टेबलावर ठेवली. "साहेब, माफी द्या. हे म्हैस माही नव्हे. याईची हाय, याईलेच राहू द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उठ बाप्पा, चाल." मी कचेरीच्या पायऱ्या उतरताना वकिलाला शोभेल असं बरंच काही बोललो, निम्मा धंदा आपण हातानं सोडून आलो, त्या मुलखात आता आपली डबी नेताही यायची नाही, वगैरे. मामांना त्यातलं काहीही ऐकू गेलं नाही. बैलगाडीत बसल्यावर ते एकदम म्हणाले, "तिची चोरीले गेलीच नाही, भाच्या. लोकं शिव्या देतेत ते दुसरीच म्हैस हाय." आणि सरहद्द येईपर्यंत ते स्वस्थ झोपले.

त्यानंतर मामांनी दर आठवड्याला देऊळगाव राजाच्या बाजारात पाल लावलं. बाजार आमच्या हद्दीतला, पण पलीकडची माणसंही तिथे येत. मामा डबी उंच धरून प्रत्येकाला शिंगाचा धडा देत, "सरळ शिंगाची त्याईची, वाकड्या शिंगाची आमची. हिरडी तुमची, तुमीच ठरवा." लोक मजेनं ऐकत, आणि घेतही. एका बाजारी मी कामानं देऊळगावला गेलो असता पालात टेकलो होतो. पलीकडच्या मुलखातली एक म्हातारी डबी डोळ्यांशी धरून म्हणाली, "पर दादा, हे शिंग असं वाकडं कामून हो?"

मला उत्तर पाठ होतं, ते तसंच हाय. पण मामा म्हणाले, "माह्या बायकोनं काढलं, मावशी. ते गेरू घेऊन म्हैस काढून राह्यली होती, दाराजवळ मन लावून. मी मांगून गेलो अन् म्हनलो, तोंड तं हुबेहूब तुह्यासारखं जमलं. ते अशी हासली, अशी हासली, का हात सरकला. मंग पुसाले निघाली. मी म्हनलो, राहू दे."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला आणि तीही हसली, खांदे हलवून, कितीतरी वेळ. मामा तिच्याकडे पाहत राहिले. डबीचे पैसे घ्यायचं त्यांना सुचलं नाही, आणि तिलाही द्यायचं आठवलं नाही. ती गर्दीत दिसेनाशी झाली तरी मामांच्या हातात पुढच्या गिऱ्हाइकाची डबी तशीच होती.

पुढे ती सरहद्दही राहिली नाही आणि करोडगिरीचा नाकाही. साऱ्या देशाला मिळून एकच नोंद पुरेशी झाली, तेव्हा मी आपणहून मामांना म्हटलं, आता म्हैस नव्यानं नोंदवू, जालन्यालाही चालेल. मामा म्हणाले, "कोनासाठी? पाह्यनारा शिंग पाह्यते." हात कापू लागल्यावर त्यांनी मंजन कुटणं थांबवलं. दिवाळीचा चुना मात्र शेवटपर्यंत स्वतः लावला, म्हशीच्या कडेकडेनं. दर वर्षी भिंतीवर एक थर चढे आणि म्हैस तेवढी आत जाई. अखेरीस तिथे कोनाड्यासारखा खळगा झाला होता, म्हशीच्याच आकाराचा, वाकड्या शिंगासकट. मामा येता-जाता त्यात हात घालत आणि डोळे अधू झाल्यावरही बोटानं शिंग बरोबर हुडकून काढत.

मामा गेले त्या वर्षी चुना मी लावला. मजूर म्हणाला, "साहेब, एक हात मारून टाकू का सगळीकडं, भित एकसारखी दिसंल." मी कुंची त्याच्या हातून घेतली. खळग्याशी वाकलो तेव्हा आतला गेरू पार फिका झालेला होता. हसू जेमतेम दिसत होतं, पाय तर नाहीच. मी आत हात घातला. शिंग लागलं, आणि मला मामांची इतकी आठवण आली की मी कुंची खाली ठेवून तिथेच ओट्यावर बसलो.