चहा गार न होणारी किटली

"किटली घ्यायची की नाही, यावर व्होटिंग करू," केदार सर म्हणाले आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. बाहेर मुळशी धरणाचं पाणी मस्त चमकत होतं. आत रिसॉर्टच्या हॉलमध्ये हिंजवडीहून आलेली सहा शिकलीसवरलेली माणसं एका भोकाभोवती अडकून बसली होती. भोकही खरं नव्हतं, माझ्या नकाशावर पेन्सिलने काढलेलं होतं.

आधी माझा धंदा सांगतो. माझ्या सासऱ्यांनाही तो अजून कळलेला नाही. मी गेम मास्टर आहे. कंपन्या टीमला दोन दिवस बाहेर आणतात, त्याला ऑफसाइट म्हणतात. तिथे मी त्यांना गोष्टीचा खेळ खेळवतो. प्रत्येक जण एक पात्र होतो: राजा, वैद्य, चोर. मी सांगतो, "तुम्ही गुहेत शिरलात, समोर दोन वाटा आहेत." काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा सांगतो. शेवटी मोठा खजिना असतो.

वाटेत मी छोटे खजिनेही पेरतो. म्हणजे जादू असते, पण अगदी किरकोळ. कधीच न भिजणारी चप्पल, आपोआप सुटणारी गाठ. शेजारी एक धोका ठेवायचा. शहाण्या माणसाने बघून पुढे निघून जावं, एवढीच अपेक्षा. तोवर मला एकही शहाणा भेटला नव्हता.

या खेळात होती किटली. तिच्यातला चहा कधीच गार होत नाही, बस. ती भोकात, आणि भोकात साप. चावला तर माणूस दगड होतो. भोक इतकं अरुंद की हात फक्त चोराचाच जातो. चोर दगड झाला तर शेवटचं कुलूप कोण उघडणार? म्हणजे मोठा खजिनाही गेला. सरळ हिशेब होता, पण केदार सरांना किटली हवी होती. मॅनेजर माणूस, दिवसभर मीटिंगा, गरम चहा म्हणे त्यांनी कित्येक वर्षांत प्यायलेला नव्हता.

सर स्वतः राजा झाले होते. चोर झाली होती प्राजक्ता, टीममधली टेस्टर. पौडच्या पुढच्या एका धनगरवाडीतली पोरगी. सकाळी नाश्त्याला ती सरांना म्हणाली होती, "सर, पुढच्या आठवड्यात आमच्या बिरोबाची जत्रा आहे. भाऊ पहिल्यांदाच गजीच्या नाचात उतरतोय. दोन दिवस रजा हवी."

"बघू," सर म्हणाले.

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "गेल्या वर्षी पण बघूच म्हणाले होते. जत्रा मी व्हिडिओ कॉलवर बघितली. तिकडे ढोल वाजतायत आणि मी इकडे ते म्यूट करून मीटिंगमध्ये कामाचं स्टेटस देतेय. लई रडले त्या दिवशी." मला फार वाईट वाटलं, पण गेम मास्टरच्या हातात रजा नसते.

तर व्होटिंग झालं. पाच विरुद्ध एक, किटली घ्यायची.

"प्राजक्ता, तू जा. तुझं चांगलं लर्निंग होईल," सर म्हणाले.

"आणि साप चावला तर?"

"आम्ही आहोत ना सपोर्टला!"

"भोकाच्या बाहेर ना, सर?"

सगळे हसले. मी घड्याळ बघत होतो. मला बोलावणाऱ्या एचआरच्या नीलिमा मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी बजावलं होतं, जेवणाआधी संपवा आणि शेवटी सगळे जिंकलेले दिसू देत, फोटो काढायचाय. तेवढ्यात रिसॉर्टचे मालक बाळूअण्णा दारात आले. "अवो, भाकऱ्या गार व्हाय लागल्यात. काय चाललंय हितं?"

मी थोडक्यात सांगितलं. अण्णांनी सरांकडे नीट बघून घेतलं. "किटलीपायी माणूस घालवायचं व्हय? आमच्याकडं लई किटल्या हायेत. न्या की एक."

"अण्णा, ही जादूची आहे," सर म्हणाले. आणि प्राजक्ताकडे वळून, "चल, हात घाल पटकन."

"न्हाई घालायची," प्राजक्ता म्हणाली. ऑफिसातली भाषा गळून पडली होती. मग तिने स्वतःला सावरलं. "म्हणजे घालते, सर. आधी माझी रजा अप्रूव्ह करा."

"अगं, हा गेम आहे!"

"हो ना. गेममधला जीव माझा, रजापण माझीच."

मग वैद्य झालेला जाड्या डेव्हलपर कळवळून म्हणाला, "सर, द्या ना हो! भूक लागलीये." बाकीच्यांनीही री ओढली. सरांनी एकदा नकाशावरच्या भोकाकडे बघितलं, एकदा नीलिमा मॅडमकडे, आणि मोबाइल काढून बटण दाबलं. प्राजक्ताचा फोन वाजला. तिने रजा मंजूर झाल्याचं दोनदा वाचलं आणि फासा उचलला.

बारा किंवा वर हवे होते. फासा माझ्या हातात असता तर मी फोटोसाठी काहीतरी लबाडी केली असती. तिने तो टेबलाच्या मधोमध टाकला. पडला एक.

"साप चावला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चोर जागच्या जागी दगड झाला, किटली आतच राहिली, शेवटचं कुलूप उघडलं नाही आणि सगळे हरले. फोटोत पाच चेहरे सुतकी आहेत आणि मधोमध मेलेली प्राजक्ता बत्तीशी दाखवून हसतेय.

"काम तर झालं नाही," सर घसा खाकरत म्हणाले. "मग त्या रजेचं आपण परत एकदा बघू."

"सर, हात घालायचं ठरलं होतं, घातला. किटली काढायचं कुठं ठरलं होतं?"

"आणि केदार, मंजूर झालेली रजा मला विचारल्याशिवाय मागे घेता येत नाही," नीलिमा मॅडम उठत म्हणाल्या. "चला, जेवायला."

निघताना अण्णांनी एक पोचे पडलेली ॲल्युमिनियमची किटली सरांच्या गाडीत ठेवली. "ह्यात चा गार हुतोय, पर साप न्हाई," असं म्हणाले. सरांनी ती मुकाट्याने नेली.

माझं काम गेलं असंच मी धरून चाललो होतो. पण नीलिमा मॅडमनी बाकीच्या टीमसाठीही मलाच बोलावलं. अट एकच घातली, यापुढे चोर मॅनेजरनेच व्हायचं. किटली मी अजून त्याच भोकात ठेवतो. हल्ली सगळ्या टीम तिच्याकडे बघून सरळ पुढे निघून जातात आणि जेवणं वेळेवर होतात.