नानांच्या तोंडात उरलेला शब्द

झटका आला आणि नानांची वाचा गेली. उजवा हात गेला, शब्द गेले, आणि तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला: ‘वाढव’. हाच का राहिला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. जन्मभर सिडकोतल्या आपल्या खिळे-कोयंड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाशी गप्पा हाणणारा माझा बाप, आणि त्याच्यावर ही वेळ.

नाना ‘वाढव’ म्हणाले की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “वाढते हो, भात व्हायचाय अजून.” मी टीव्हीचा आवाज मोठा करायचो. कधी पंख्याचा वेग. नाना मान हलवायचे, डाव्या हातानं खाटेची कड थोपटायचे आणि पुन्हा तेच. मला वाटायचं, रिमोट चाचपडतायत. मग तो त्यांच्या हातात द्यायचो. ते बाजूला ठेवून द्यायचे.

मी अंबडला एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं बघतो. बिघाड म्हटला की माझे हात शिवशिवतात. ठरवलं, नानांना बोलतं करायचं. पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा कॉम्प्युटर आणला. त्याला चार बटणं लावली: पाणी, चहा, पंखा, गोळी. बटण दाबलं की तो शब्द नानांच्या स्वतःच्या आवाजात ऐकू यायला हवा होता. आजारपणाआधी ते ताईला मोबाईलवर बोलून निरोप पाठवायचे, ते तिनं जपून ठेवलेले. त्यावरून हुबेहूब आवाज काढणारं सॉफ्टवेअर त्या डबड्यात बसवायचं, एवढंच राहिलं होतं. नेमकं तेच बसेना.

संध्याकाळी कामावरून आलो की नानांच्याच खोलीत, त्यांच्याकडे पाठ करून, टेबलाशी बसायचो. सॉफ्टवेअर निम्म्यापर्यंत चढायचं आणि तिथंच ढिम्म. पडद्यावर एक ओळ, ना पुढं ना मागं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं, तर पुन्हा त्याच ओळीवर बसकण. करंट कमी पडत असेल म्हणून मोबाईलचा चार्जर काढून चांगला अ‍ॅडॉप्टर लावला. मेमरी कार्ड बदललं. इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या, तो सापडला नाही तेव्हा बायकोवर डाफरलो. मागून नानांचं चालूच, “वाढव... वाढव.”

“हो नाना, झालंच,” मी मागं न बघता म्हणायचो.

एकदा असंच त्यांचं ऐकता ऐकता डोक्यात उजेड पडला. त्या इवल्याशा कॉम्प्युटरची मेमरी अपुरी होती, एवढा मोठा घास त्याच्या घशाखाली उतरतच नव्हता. कार्डावरची रिकामी जागा त्याला जादा मेमरी म्हणून वापरायला देता येते. ती दिली, चांगली भरपूर दिली. थोड्या वेळानं अडलेली ओळ सरकली. मला इतका आनंद झाला की खुर्ची फिरवून मी म्हणालो, “नाना, तुम्ही सांगितलंत ते खरं निघालं. वाढवली मेमरी आणि चाललं बघा.”

नानांचा खाटेवर थोपटणारा हात थांबला आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, दमले असतील. मी परत टेबलाकडे वळलो.

डबडं बोलायला लागलं. नानांनी ‘पाणी’ एकदा दाबलं, स्वतःचा आवाज ऐकला आणि रडले. पुन्हा कुठल्याच बटणाला हात लावला नाही. मी म्हटलं, होईल सवय हळूहळू. सवय व्हायच्या आत दुसरा झटका आला आणि नाना गेले.

दिवसकार्य उरकल्यावर एका संध्याकाळी आमच्या जुन्या दुकानाकडे गेलो. तिथं आता मोबाईल विकतात. शेजारचे किराणावाले काका मात्र तेच. मला बघून त्यांचे डोळे भरले. धान्याची पोती आत घेत म्हणाले, “थांब रे जरा, दुकान वाढवतो, मग बोलू निवांत.”

मी तिथल्या पायरीवर बसलो. दुकान ‘बंद करतो’ असं दुकानदार म्हणत नाही, अशुभ वाटतं. नानाही तसं कधी म्हणत नसत. शाळा सुटली की मी दुकानात यायचो, आणि दिवेलागण होऊन गेली की नाना म्हणायचे, “चल, वाढव आता.” मग मी खिळ्यांचे डबे आत ओढायचो. शटर पडलं की ते याच पायरीवर बसायचे, शेजारची जागा हातानं थोपटायचे आणि मी तिथं जाऊन बसायचो. शाळेत काय झालं ते विचारायचे. घरी जायची त्यांना कधी घाई नसायची.

लहानपणी रोज ऐकलेला शब्द. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. माझ्या पाठीमागं पडून नाना रोज संध्याकाळी सांगत होते, पुरे झालं आता, बंद कर ते, इथं येऊन बस. आणि मी त्यांच्या हातात रिमोट देत होतो.