नाकाडे काकांचं नाक

गाडीला काय झालंय हे आमचे नाकाडे काका नाकाने ओळखायचे. डंपर यार्डात येऊन उभा राहिला की बाकीचे मेकॅनिक टेम्परेचरचा काटा बघायला धावत. काका मात्र दोन पावलं लांब उभे राहत, हात मागे बांधून डोळे मिटत आणि शेजाऱ्यांकडे आज काय शिजलंय याचा अंदाज घ्यावा तसा एक लांब श्वास घेत. मग म्हणत, "खालचा होज पाइप." आणि खालचाच होज पाइप निघे. त्यांचं खरं आडनाव गमरे, पण ते हजेरीपटापुरतं. कधीकाळी कुणीतरी थट्टेने नाकाडे म्हटलं आणि तेच चिकटलं. काकांना त्याचा राग नव्हता. उलट फोन उचलून स्वतःच म्हणायचे, "नाकाडे बोलतोय."

महाप्याला आमच्या कंपनीचं यार्ड आहे. डंपर, ट्रेलर, क्रेन कामावर पाठवायच्या आणि परत आल्या की तपासायच्या, हा धंदा. मी तिथे स्पेअर पार्टच्या स्टोअरला, आणि काकांकडे कूलिंगचं काम. रेडिएटर, पंखा, बेल्ट, वॉटर पंप आणि इंजिन गार ठेवणारं ते हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, या सगळ्यांचे मालक तेच. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चिठ्ठीवर त्यांची सही लागायची. ती नसली तर आमचा वॉचमन इनचार्ज साहेबांच्या आरडाओरड्यालाही दाद देत नसे.

मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावून गळका रेडिएटर हुंगायला लावला. मी नाक मुरडलं. "मुरडू नको, बाय, नीट घे," ते म्हणाले. "गोड येतो ना? ह्यो गोड वास आला की समजायचं, पानी बाहेर पडतंय. रबर जळल्यासारखा आला तर बेल्ट घसरतोय. एवढं कळलं की तू निम्मी मेकॅनिक." उरलेली निम्मी मी कधी झाले नाही, पण तो वास डोक्यात पक्का बसला.

काकांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण वरच्या खिशात कंगवा कायम. नवीन माणूस हसायचाच. तो कंगवा रेडिएटरसाठी होता. दगडखाणीच्या कामावरून आलेल्या गाडीच्या रेडिएटरच्या बारीक पत्र्या धुळीने आणि खड्यांनी दुमडलेल्या असत. मग त्यांतून वारा जात नाही आणि इंजिन तापतं. काका स्टूल घेऊन बसत आणि एकेक पत्री कंगव्याने सरळ करत. मुलीची वेणी घालायला बसल्यासारखे अगदी निवांत, मध्येच स्वतःशी गुणगुणत. घाई केली की म्हणत, "पत्री तुटली तर तुज्या स्टोअरमधून नवीन आनशील काय?" स्टोअरमध्ये नवीन रेडिएटर कधीच वेळेवर नसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नळाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलेलं त्यांना बिलकूल खपत नसे. एका ड्रायव्हरने साइटवरच्या डबक्यातलं पाणी ओतून गाडी आणली होती. काकांनी आतला क्षाराचा पांढरा थर खरवडून त्याच्या तळहातावर ठेवला. "बघ. इंजिनाला पन मुतखडा होतो. तुला झाला तर कसा वरडशील? ह्याला तोंड नाय म्हनून गप हाय." तो बापडा पुढे महिनाभर माझ्याकडे कूलंटचा डबा मागायला स्वतः यायचा.

मग कोरोनाची साथ आली. काकाही आजारी पडले, बरे झाले, वीसेक दिवसांनी मास्क लावून कामाला लागले. सगळं पूर्वीसारखं चाललंय असं वाटत होतं. दोन-तीन महिन्यांनी मी चिठ्ठीवर सही घ्यायला एका चालू डंपरपाशी गेले. मागच्या धुरात गोड वास इतका दाट होता की मलासुद्धा कळलं, पाणी इंजिनात शिरतंय. काकांनी नेहमीसारखे डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाले, "बरी हाय. दे चिठ्ठी."

मी चिठ्ठी दिली नाही. हळूच म्हटलं, "काका, गोड येतोय."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही. वडीलधारा माणूस भर बाजारात घराची वाट विसरला तर तसा बघेल. मग ड्रायव्हरला म्हणाले, "बंद कर रे गाडी. इंजिनाचं हेड खोलावं लागंल." दुपारी स्टोअरच्या दारात येऊन उभे राहिले. "तापातनं उठलो तवापासून कसलाच येत नाय. घरीबी सांगितलं नाय. नाक गेलं तर माजं उरलं काय, बाय?"

रिटायर व्हायला अडीच वर्षं होती. कळलं असतं तर घरी बसवलं असतं, नाहीतर गेटवर. मी म्हटलं, मी आहे ना. त्या दिवसापासून चिठ्ठीचं निमित्त करून मी प्रत्येक गाडीपाशी त्यांच्या बाजूला उभी राहू लागले. ते डोळे मिटत, श्वास मी घेत असे. सगळं ठीक असेल तर मी पेन पुढे करायची. गोड आला तर पेन कानामागे ठेवायची. आमची ही खूण वर्षभराहून जास्त चालली आणि कुणाला संशयही आला नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटत होता. आपण एका म्हाताऱ्याची लाज राखतोय, याहून चांगलं काम कोणतं, असं वाटायचं.

मग माझ्या मावसबहिणीचं लग्न आलं आणि मी तीन दिवस साताऱ्याला गेले. त्याच तीन दिवसांत चार डंपर घाटातल्या कामावर निघायचे होते. परत आल्यावर वॉचमननेच मला सगळं सांगितलं. गाड्या चालू करून ड्रायव्हर बसलेले, साहेब घड्याळ दाखवतायत आणि काका हातात पेन धरून नुसते उभे. शेवटी त्यांनी पेन खिशात घातलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी सही करनार नाय. माजं नाक गेलंय. वरीस होऊन गेलं."

कुणी हसलं नाही म्हणे. साहेबांनी विचारलं, "मग इतके दिवस गाड्या कोण पास करत होतं?"

"ते इचारू नका," काका म्हणाले. "सही माजी हाय."

मी तडक काकांना गाठलं. रागच आला होता मला. इतके दिवस सांभाळलं, मग मी येईपर्यंत तीन दिवस दम धरवला नाही? काका शांतपणे म्हणाले, "तू मला सांभाळलंस, बाय. पन घाटात गाडी तापली असती, आतल्या पोरानं रेडिएटरचं गरम झाकन उघडलं असतं, तर त्याला कोन सांभाळनार व्हतं?" मी केबिनमध्ये जाऊन साहेबांना माझा भाग सांगून टाकला. साहेबांनी मला मेमो दिला. तो अजून माझ्या फाइलला आहे.

काकांना काढलं नाही. साहेब तापट, पण माणूस ओळखणारे. त्यांनी प्रेशर बघायचा पंप मागवला. इंजिन गार असताना तो रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा, हवा भरायची, काटा खाली आला की कुठेतरी गळतंय. काका साठीला टेकलेले, पण शाळेतल्या पोरासारखे शिकले. आणि एकदा सांगून टाकल्यावर त्यांना कशाचीच लाज उरली नाही. घरीही सांगितलं. काकी मला म्हणाल्या, "वरीसभर माज्या सुक्या मच्छीला ह्यांनी एकदा नाव ठेवलं नाय, तवाच समजायला पायजे व्हतं!"

नाक काही परत आलं नाही. काका रिटायर झाले त्याच महिन्यात त्यांना नात झाली. मंडणगडला गावी जाण्याआधी त्यांनी इथल्या, शिरवण्याच्या खोलीत नामकरण ठेवलं. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, पेढे वाटले. आणि मग मला दिसलं, काका नातीला घेऊन एकेका माणसापुढे जातायत. "तिच्या टाळूचा वास घे आनि मला सांग कसा येतो." कुणी म्हणालं दुधाचा, कुणी म्हणालं पावडरचा, काकी म्हणाल्या खोबरेल तेलाचा. काका प्रत्येकाचं मान हलवत ऐकून घेत होते, पण त्यांचं समाधान होत नव्हतं.

माझ्यापुढे आले. "तू सांग, बाय. तुजं नाक खरं हाय."

मी त्या इवल्या डोक्यावर वाकले. दूध होतं, तेल होतं. त्याखाली आणखी काहीतरी होतं, ते ओळखायला मला दुसरा श्वास घ्यावा लागला. कपड्याच्या साबणाचा, उन्हात वाळलेल्या सुती शर्टाचा आणि थोडा घामाचा.

"काका, सकाळपासून तिला कोणी घेतलंय?"

"मीच की. कुनाला देतोय!"

"मग बरोबर. तिच्या टाळूला तुमचा वास येतोय."

काका खाली बसले आणि नातीच्या टाळूवर आपलं ते प्रसिद्ध नाक टेकवून, डोळे मिटून, एक लांब श्वास घेतला. त्या दिवशी मग त्यांनी पोरगी कुणाच्याच हातात दिली नाही.